चंद्राची मुदत

ताई दोन बॅगा घेऊन आली होती. एकीत तिचे कपडे होते. दुसरी रिकामी होती, आणि ती रिकामी आहे हे लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही. घरात आल्या आल्या तिने ती आबांच्या खाटेवर ठेवली आणि चेन उघडून ठेवली.

"ही कुणाची?" काकाने विचारलं.

"आबांची."

"बरं. मला वाटलं, आमच्यासाठी खाऊ आणला असशील आणि वाटेत तूच संपवला असशील."

"काका, मी आज भांडायला आलेली नाही."

"मग एवढ्या लांबून कशाला आलीस?"

आबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी दोघांचं बोलणं ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं. हे त्यांना पूर्वी जमत नसे. आई असताना घरात कुणीही काहीही बोललं की आबांचं त्यावर एक मत असायचं, आणि आईचं त्या मतावर एक मत असायचं. आईला जाऊन पाच महिने झाले होते. या पाच महिन्यांत आबांनी घराच्या पुढच्या खोलीतलं चष्म्याचं दुकान एकदाही उघडलं नव्हतं. गिऱ्हाईक यायचं, शटरवर टकटक करायचं आणि मग शेजारच्या कुलूपकिल्ल्यांच्या दुकानात चौकशी करायचं. ते दुकान काकाचं. काका सगळ्यांना सांगायचा, "सोमवारी या." कुठल्या सोमवारी ते कुणी विचारलं नाही, म्हणून काका खोटं बोलला असं म्हणता येत नव्हतं.

ताई इस्पितळात मेट्रन होती. माणूस दिवसभर एका जागी बसून राहायला लागला की पुढे त्याचं काय होतं, हे तिने पुष्कळ वेळा बघितलं होतं. म्हणून आबांना आपल्याकडे न्यायचं असं तिने ठरवलं होतं. आबांनी ठरवलं होतं की जायचं नाही. मधल्या मध्ये धाकटा भाऊ अडकला होता, कारण आबा त्याच्याकडे राहत होते आणि त्याला बहिणीची भीती वाटायची.

तोड काकाने काढली होती, तीही नकळत. गेल्या शनिवारी रात्री फोनवर ताई त्याला म्हणाली, "आबा स्वतःच्या मनाने एक तरी गोष्ट करतात का? एक सांग मला."

काकाने विचार केला. "दर महिन्याला चंद्राचा आशीर्वाद म्हणतो. एक्केचाळीस वर्षांत एक महिना चुकवलेला नाही."

"या पाच महिन्यांत म्हणाले?"

"शोकात होता तो."

"काका, घरात बसायचे सात दिवस. बायकोसाठी शोक तीस दिवस. तूच मला शिकवलंस. पाच महिने कुठल्या पुस्तकात आहेत?"

काकाकडे ते पुस्तक नव्हतं. मग असं ठरलं, की आबांनी या महिन्याचा आशीर्वाद पूर्वीसारखा उघड्यावर उभं राहून म्हटला, तर ताई रिकामी बॅग रिकामीच परत नेईल. नाही म्हटला, तर भरून नेईल, आणि आबा बॅगेबरोबर जातील. आबांच्या हातात फोन दिला. ते "बरं" एवढंच म्हणाले.

त्यानंतर चार दिवस आभाळ गच्च होतं. आज गुरुवार, आणि आज शेवटचा दिवस. नवा चंद्र दिसला की त्याच्या उजेडात उभं राहून, ज्याने तो घडवला त्याचे आभार मानायचे, एवढाच हा यहुदी घरांतला आशीर्वाद. पण तो चंद्र वाढत असेपर्यंतच म्हणायचा. नव्या चंद्राच्या जन्मापासून चौदा दिवस, अठरा तास, बावीस मिनिटं. तिथे अर्धा महिना होतो आणि चंद्र उतरणीला लागतो. त्यानंतर म्हटला, तर त्यातलं देवाचं नाव फुकट घेतल्यासारखं होतं.

हिशोब धाकट्याने केला होता. तो छापखान्यात कामाला होता, आणि छापलेल्या आकड्यावर त्याचा फार विश्वास. प्रार्थनामंदिरातून मिळालेल्या कॅलेंडरवर छापलं होतं, नवा चंद्र, गुरुवार, आठ तास. त्याने सकाळी आठपासून मोजायला सुरुवात केली आणि एका रद्दी कागदावर उत्तर लिहिलं, 'रात्री २.२२'. तो कागद त्याने फळीवर घड्याळाला टेकवून ठेवला होता.

"तपासलंस ना?" ताईने कागद हात लांब करून धरला आणि वाचला.

"चारदा. चारही वेळा तेच आलं."

"शाळेतही चारही वेळा तेच यायचं तुझं. आबा, चंद्र उगवला असेल. आत्ताच चला ना अंगणात."

"अंगणातून दिसत नाही," आबा म्हणाले. "पलीकडची चार मजली आडवी येते. साडेनऊ-दहापर्यंत वर येईल. दोनपर्यंत वेळ आहे. जेवून घ्या."

एवढी वाक्यं आबा सलग बोलले याचं ताईला बरं वाटलं. पण त्यात 'मी म्हणेन' असं एक वाक्य कुठे नव्हतं, हेही तिच्या लक्षात आलं.

*

स्वयंपाकघरात सूनबाई सूप ढवळत होती. ताईला खरी परिस्थिती कुणी कळवली, हे घरात कुणाला माहीत नव्हतं. ती तिनेच कळवली होती.

तिला आबांचा कंटाळा आला होता असं नाही. ती आणि धाकटा सकाळी आठला बाहेर पडायचे ते सहाला परतायचे. एकदा ती चारला आली, तर आबा टेबलापाशी बसले होते आणि सकाळी वाढून ठेवलेलं ताट समोर तसंच होतं. "जेवला नाहीत?" असं तिने विचारलं. आबा म्हणाले, "जेवतोच आहे." त्या दिवसापासून डेपोत तिचं लक्ष लागेना. म्हणून तिने फोन केला, आणि ताई म्हणाली, "वहिनी, तू सांगितलंस हे मी कुणाला सांगणार नाही."

ती बसडेपोत वेळापत्रकाचं काम करायची. डेपोत दिवस पहाटे चारला सुरू होतो. रात्री साडेबाराला सुटणारी गाडी कालच्या तक्त्यात असते. नव्या कारकुनाला हे समजेपर्यंत तो निदान एका ड्रायव्हरला चुकीच्या दिवशी बोलावतोच, आणि मग तो ड्रायव्हर येऊन सूनबाईला बोलतो.

सुपाला उकळी यायची होती. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभी राहिली. तिच्या माहेरी कॅलेंडर सुट्ट्या बघण्यापुरतं असायचं. या घरात आल्यावर ते वाचायला ती सासूकडून शिकली. शब्बाथचे दिवे शुक्रवारच्या चौकोनात का छापतात, असं तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. सासू म्हणाली होती, "आपला शनिवार शुक्रवारी संध्याकाळीच येऊन बसतो. लवकर येणारा पाहुणा आहे तो."

सूनबाईने डाव भांड्याच्या कडेला ठेवला.

शनिवार शुक्रवारी संध्याकाळी येतो. मग गुरुवार बुधवारी संध्याकाळी यायला हवा. मग 'गुरुवार, आठ तास' म्हणजे सकाळचे आठ कशावरून? बुधवारी संध्याकाळी सहापासून आठ तास. रात्रीचे दोन. धाकट्याने सहा तास उशिरा मोजायला सुरुवात केली होती. दोन बावीसमधून सहा तास काढले, तर आठ बावीस राहतात. रात्रीचे नाहीत, आत्ताचे.

घड्याळात आठला दहा कमी होती.

तिने डाव परत हातात घेतला आणि सूप ढवळलं. बाहेर कुणालाच हे माहीत नव्हतं. सगळे जेवतील. दहाला चंद्र इमारतीच्या वर येईल. मग कुणाच्या तरी लक्षात येईल, किंवा कधीच येणार नाही. आलंच, तर चूक धाकट्याची, आणि धाकट्याची चूक काही नवी नाही. बॅग भरली जाईल. आबांना वेळच्या वेळी गरम जेवण मिळेल, दिवसभर देखरेख असेल, ताई त्यांच्याशी भांडेल. ताईचं भांडण औषधासारखं असतं. उद्यापासून डेपोत आपलं लक्ष लागेल. हे सगळं एक शब्दही न बोलता होणार होतं. सूप ढवळत राहायचं, एवढंच काम होतं.

ती दारात आली. आबा खुर्चीत नव्हते. ते कपाटापाशी उभे होते आणि काळ्या कोटाच्या बाह्या ओल्या फडक्याने पुसत होते. पाच महिने तो कोट तिथेच टांगलेला होता. खांद्यांवर धुळीची पांढरी रेघ बसली होती. आबा ती रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसायचे, लांबून बघायचे आणि पुन्हा पुसायचे. रात्री दोनच्या कामासाठी आठलाच.

घड्याळात आठ वाजले.

"आबा," ती म्हणाली, "कोट घाला. वेळ चुकीची काढली आहे."

*

पुढची पाच मिनिटं काकाला नंतर क्रमाने आठवेनात. धाकटा कॅलेंडर भिंतीवरून काढून दिव्याखाली घेऊन आला आणि म्हणाला, "पण इथे छापलंय आठ." सूनबाईने त्याला बोटांवर मोजून दाखवलं. धाकट्याने ते पाचव्यांदा मोजलं आणि खाली बसला.

"काय?" ताईने विचारलं.

"वहिनी बरोबर आहे."

"तिला 'बायको' म्हण. वहिनी ती माझी. उठ, बसलास काय."

काका अंगणात पळत गेला आणि परत आला. अंगणात चार मजली इमारत होती, तिच्यावर पाण्याची टाकी होती, आणि चंद्र त्यांच्या मागे कुठेतरी होता. "दादा, इथून जमायचं नाही. लॉन्ड्रीच्या वळणावर जाऊ. तिथून रस्ता सरळ पूर्वेला जातो."

"आणि नाही पोहोचलो तर?" धाकटा म्हणाला.

"पूर्ण पंधरा दिवस मानणारेही आहेत," काका म्हणाला. "त्यांच्या हिशोबाने पहाटे दोनपर्यंत चालेल."

"मग मी त्यांच्या घरात जन्माला यायला हवं होतं," आबा कोटाची बटणं लावत म्हणाले. "आपल्याकडे अर्धा महिना."

"मुदत टळली तर देवाचं नाव गाळून म्हणता येतं."

"पत्ता न लिहिता पत्र टाकल्यासारखं."

काकाने भावाकडे नीट बघितलं. एवढं तिरकस दादा गेल्या पाच महिन्यांत बोलला नव्हता. काकाला इतका आनंद झाला, की त्याने तो लगेच झाकला. "बटणं राहू दे. राजाला भेटायला जाताना नीटनेटकं जावं हे मला मान्य आहे, पण राजा उठून चाललाय."

पाच जणं रस्त्याला लागली. आबा घरातल्या चपला घालूनच निघाले होते. पुढे धाकटा मोबाइलमध्ये वेळ बघत चालला होता आणि दर मिनिटाला मोठ्याने सांगत होता. "आठ आठ. आठ नऊ." इस्त्रीच्या दुकानातल्या माणसाने मान वर करून बघितलं. त्याला बहुतेक वाटलं, की यांची गाडी चुकते आहे.

वळणावर आकाश मोकळं होतं. समोर रस्त्याच्या टोकाला, दोन घरांच्या मध्ये, चंद्र असायला हवा होता. तिथे एक ढग होता. ढगाच्या पोटात पिवळट उजेड दिसत होता.

"हा चालतो?" ताईने विचारलं.

"ढग पातळ असला तर चालतो," काका म्हणाला. "त्या उजेडात वस्तू ओळखता आल्या पाहिजेत."

"इथे रस्त्याचा दिवा आहे. त्याच्या उजेडात सगळंच ओळखता येतं."

हे खरं होतं. म्हणून काका लॉन्ड्रीच्या भिंतीआड गेला, जिथे दिव्याचा उजेड पोहोचत नव्हता. त्याच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा कायम असायचा. त्याने त्यातली एक किल्ली उचलली. "ही गोदामाची. ही डॉक्टरांच्या दवाखान्याची. ही दादाच्या मागच्या दाराची. सगळ्या ओळखू येतात. चालतो."

ताई त्याच्या मागोमाग भिंतीआड गेली होती. "काका, हात मागे कर."

"का?"

"तू अंगठ्याने दाते चाचपतोयस. तुला विहिरीतसुद्धा किल्ल्या ओळखता येतील. डोळ्यांनी सांग. ही कुठली?"

काकाने डोळे बारीक केले. "ही... एक किल्ली आहे."

"नाही चालत," ताईने बाहेर येऊन सांगितलं.

"आठ चौदा," धाकटा म्हणाला.

ताई तोंड घट्ट मिटून त्या ढगाकडे बघत होती. काकाला वाटलं, ढग वॉर्डबॉय असता तर एव्हाना हलला असता. मग त्याच्या लक्षात आलं, की आपली पुतणी जिंकायला आली होती, आणि ढग हलला नाही तर ती जिंकत होती. तरी ती त्याच्यावर चिडली होती.

*

ढग सव्वाआठला सरकला. एक कड मोकळी झाली, मग अर्धा, मग पूर्ण चंद्र रस्त्याच्या टोकाला दिसला. भिंतीआडचं सगळं दिसायला लागलं. तिथे पडलेली एक मोडकी बादलीसुद्धा.

आबांनी पाय जुळवले. काकाने खिशातलं पुस्तक पान काढून त्यांच्या हातात दिलं. नियम असा, की चंद्राकडे एकदा बघायचं आणि मग आशीर्वाद म्हणताना त्याच्याकडे बघायचं नाही. आभार त्याचे मानायचे नसतात. आबांनी एकदा बघितलं, पुस्तकाकडे मान वळवली, पण सुरुवात केली नाही.

"आठ सतरा."

"दादा?"

"मला एक सांगायचंय," आबा म्हणाले.

"पाच मिनिटं आहेत. थोडक्यात सांग."

आबांनी पुस्तक मिटलं नाही, पण खाली घेतलं. ते ताईशी बोलले. "मी स्वतःच्या मनाने काय करतो, असं तू विचारलंस. काकाने सांगितलं, चंद्राचं करतो. मीही तेच समजत होतो. एक्केचाळीस वर्षं मी आत काच घासत बसलेला असायचो, आणि तुझी आई मागच्या दारातून हाक मारायची, 'आलाय, बाहेर या.' मी हात पुसून बाहेर जायचो. कधी म्हणायचं, कधीपर्यंत म्हणायचं, ढग असला तर उद्या बघायचं, हे सगळं ती करायची. बायकांना हा आशीर्वाद लागू नाही आपल्याकडे. ती म्हणतही नव्हती. ती फक्त लक्ष ठेवायची. ती गेली, त्याच्या पुढच्या महिन्यात एकदा पहाटे उठलो, तर चंद्राची वाळलेली कोर दिसली. महिना संपून गेला होता. मला कळलंच नव्हतं. मग लाज वाटली, आणि ते कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या महिन्यात ठरवलं, की लक्ष ठेवायचं. पण सवय नव्हती. कान दाराकडे लागलेले असायचे."

धाकटा वेळ सांगायचं विसरला.

"म्हणजे तुझी अट चुकीच्या माणसाला घातलीस," आबा म्हणाले. "ती तुझ्या आईला घालायला हवी होती. आणि आजसुद्धा मला बाहेर सूनबाईने काढलं. हे मी लपवून म्हटलं असतं, तर तुला फसवल्यासारखं झालं असतं."

ताईच्या मनात उत्तरं बरीच होती. त्यातलं एकही पाच मिनिटांत बसणारं नव्हतं. ती म्हणाली, "आबा, आधी म्हणा. मग भांडू."

"आठ एकोणीस," धाकटा म्हणाला.

आबांनी पुस्तक डोळ्यांसमोर धरलं. जवळ आणलं, लांब नेलं. मग कोटाचा खिसा चाचपला, शर्टाचा खिसा चाचपला, आणि डोक्यावर हात फिरवून बघितलं.

"चष्मा खिडकीत राहिला," ते म्हणाले.

काका हसला. त्याला ते आवरता आलं नाही. "गावातल्या निम्म्या माणसांना चष्मे दिलेस दादा. एक स्वतःजवळ ठेवला असतास तर."

"पाठ नाही का तुम्हाला?" सूनबाईने विचारलं.

"पाठ आहे. आज भरवसा नाही."

ताईने आपला चष्मा काढला आणि आबांच्या नाकावर बसवला. वॉर्डात रोग्याला बसवतात तसाच, दोन्ही कानांमागे चाचपून. "खालच्या काचेतून बघा. जमतंय?"

"जमवतो."

आणि आबा म्हणायला लागले. आवाज सुरुवातीला खाली होता. ज्याच्या शब्दाने आकाश झालं आणि ज्याने आकाशातल्या सगळ्यांना काम आणि वेळ नेमून दिली, त्याची स्तुती. त्यांनी आपलं काम बदलू नये. ते आनंदाने करावं. चंद्राला त्याने सांगितलं, पुन्हा नवा हो. या ओळीवर आबा थांबले. काकाने ओठ हलवून पुढचा शब्द दाखवला. आबांनी हाताने त्याला गप्प केलं, कारण शब्द त्यांना माहीत होता. एक श्वास घेऊन त्यांनी तो म्हटला, आणि मग शेवटपर्यंत कुठेही थांबले नाहीत.

"आमेन," काका आणि धाकटा म्हणाले. धाकट्याने मोबाइल पुढे धरला. आठ एकवीस.

पुढचं सगळं आता निवांत करता येत होतं. तीन वेळा टाचा उचलून चंद्राच्या दिशेने उडी मारल्यासारखं करायचं. मी तुझ्याकडे झेपावतो आणि तुला शिवू शकत नाही, तसंच माझं वाईट चिंतणाऱ्यांना मला शिवता येऊ नये. आबांच्या घरातल्या चपला दर उडीला फटफट वाजल्या. काका म्हणाला, "तुला शिवायला कोण येतंय, दादा? पाच महिने दार लावून बसला होतास." मग सोबतच्यांना शांती द्यायची. "शालोम अलेखेम," आबा काकाला म्हणाले. काकाने उत्तर दिलं. धाकट्याला म्हणाले. त्याने दिलं. तिसऱ्या वेळी आबा सूनबाईकडे वळले. ती गडबडली, कारण असं कुणी तिला कधी म्हटलं नव्हतं, आणि उत्तर देताना तिने उगाचच डोक्यावरची ओढणी सारखी केली.

*

ताईला चष्म्याशिवाय सगळं दोन-दोन दिसत होतं. दोन काका, दोन धाकटे. तेवढं काही वाईट दिसत नव्हतं. तिने सूनबाईचा दंड धरला आणि तिला थोडं बाजूला घेतलं.

"वहिनी, तुला कधी कळलं? वेळेचं."

"आठला दहा कमी असताना."

"आणि सांगितलंस आठला."

"हो."

ताईने ती दहा मिनिटं मनातल्या मनात मोजून बघितली. तिला त्यांचा अर्थ कळला. फोनवरचं बोलणं दोघींनाच माहीत होतं. "मी असते तर अर्धा तास लावला असता," ती म्हणाली.

"तुम्ही सांगितलंच नसतं."

"सांगितलं असतं. पण आधी सगळ्यांना जेवायला वाढलं असतं."

दोघी हसल्या. पलीकडे आबांनी चष्मा नाकावरून काढला होता, पण परत दिला नव्हता. ते तो हातभर लांब धरून रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाकडे बघत होते. चष्मा सावकाश डावीकडे नेत होते, उजवीकडे नेत होते. काचेतला खांबाचा तुकडा बाहेरच्या खांबाशी जुळत नव्हता. त्यांनी काचा उलट्या करून पुन्हा तेच केलं.

"हा कुणी बनवला?"

ताईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ते तिलाही जमत होतं.

"ताई, तुला विचारतोय. हा माझा नाही."

"आमच्या इस्पितळासमोरचं दुकान आहे."

"उजव्या काचेचा मध्य तीन मिलिमीटर बाहेर गेलाय. काय करतो तो माणूस, पाव कापतो का? डोकं दुखतं तुझं?"

"दुखतं."

"कुठे?"

"इथे. भुवईच्या वर. संध्याकाळी जास्त. मला वाटलं ड्यूटीमुळे असेल."

"किती दिवस?"

"चार महिने."

"आणि मी दिलेला चष्मा?"

"तुटला. आई गेली त्याच्या पुढच्या महिन्यात. वॉर्डात पडला."

"मग मला सांगायचं ना."

"तुमचं दुकान बंद होतं, आबा."

काकाने तोंड उघडलं होतं. त्याच्याजवळ नक्कीच काहीतरी तयार होतं, पण त्याने ते गिळलं, आणि असं काकाने आयुष्यात फार वेळा केलेलं नव्हतं. धाकटा मोबाइलकडे बघत राहिला, जणू अजून एखादी मुदत बाकी होती.

आबांनी चष्म्याच्या काड्या मिटल्या. "सकाळी शटर वर करतो. दोन्ही काचा नव्या घालाव्या लागतील. नंबरही पुन्हा तपासतो, तू कागद लांब धरून वाचत होतीस. तुझ्या नंबरची दुहेरी काच दुकानात नसेल, मागवावी लागेल. सोमवार उजाडेल."

"सोमवारी माझी ड्यूटी आहे."

"बदलून घे."

"असं सहज बदलून मिळत नाही. मी मेट्रन आहे."

"मग मेट्रनला विचार. या चष्म्याने तू सुया टोचतेस लोकांना? मी बरा आहे म्हणून तुझ्याकडे यायला नको म्हणत होतो. आता भीतीनेच नको म्हणतो."

"आबा, आपलं अजून भांडायचं राहिलंय. तुम्हीच म्हणालात, अट पुरी झाली नाही."

"भांड ना. सोमवारपर्यंत इथेच आहेस." त्यांनी चष्मा कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि वरून बटण लावलं.

"अहो, तो द्या तरी. मी घरी कशी जाऊ? मला रस्ता दिसत नाही."

"हा घालून गेलीस तर आणखीच दिसणार नाही," आबा म्हणाले. त्यांनी दंड पुढे केला आणि ताईने तो धरला. काका, धाकटा आणि सूनबाई पुढे गेले. लॉन्ड्रीपाशी फूटपाथ संपत होता. तिथे आबा थांबले आणि त्यांनी घरातल्या चपलेने कड चाचपून बघितली.

"इथे उतार आहे," ते म्हणाले. "आधी उजवा पाय टाक."